तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे

१९८७च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, शिकागो अशा शहरांतल्या असंख्य घरांत जुन्या कागदांची शोधाशोध सुरू होती. पाच वर्षांपूर्वीची भाड्याची पावती, विजेचं बिल, मुलाच्या लसीकरणाचं कार्ड, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद, पगाराची चिठ्ठी, जे हाती लागेल ते पाकिटात भरलं जात होतं. ही माणसं परवान्याशिवाय अमेरिकेत राहत होती. आपली नोंद कुठेही होऊ नये याची त्यांनी वर्षानुवर्षं काळजी घेतलेली. आता सरकारच सांगत होतं, की १ जानेवारी १९८२च्या आधीपासून तुम्ही सलग इथे राहत आहात हे दाखवा, म्हणजे तुम्हाला कायदेशीर करून घेतो. अडचण अशी, की ज्यांच्याकडे पुरावा होता तेच तो द्यायला कचरत होते. घरमालकाने भाडं रोखीने घेतलेलं असे आणि करखात्याला दाखवलेलं नसे, मग तो पावती कुठून देणार? मालकाने मजुराला खोट्या नावावर कामाला ठेवलेलं असे, तो खऱ्या नावाचं पत्र लिहून स्वतःच्या गळ्यात फास कशाला अडकवून घेईल?

ही माफी देणाऱ्या कायद्यावर ६ नोव्हेंबर १९८६ रोजी सही झाली, ती राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांची. ‘इमिग्रेशन रिफॉर्म अँड कंट्रोल ॲक्ट’ हे त्याचं नाव. ५ मे १९८७ ते ४ मे १९८८ या एका वर्षात अर्ज करायचा होता. फी मोठ्या माणसाला १८५ डॉलर, मुलाला ५० आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी ४२० डॉलर. एखादा गंभीर किंवा तीन किरकोळ गुन्हे नावावर असले, तर अर्ज बाद. आधी तात्पुरता रहिवास मिळे. दीड वर्षाने कायम रहिवासाचा अर्ज, आणि त्यासाठी जुजबी इंग्रजी आणि अमेरिकेचा थोडाफार इतिहास येतो हे दाखवायचं, नाहीतर वर्गाला हजेरी लावल्याचा दाखला आणायचा. पाच वर्षं बहुतेक केंद्रीय कल्याणयोजनांचा लाभ घ्यायचा नाही, हीही अट होती. शेतमजुरांसाठीची वेगळी योजना धरून सुमारे ३० लाख अर्ज आले आणि सुमारे २७ लाख लोकांना ग्रीन कार्ड मिळालं.

त्यानंतर एवढी मोठी माफी अमेरिकेत पुन्हा झालेली नाही. पण गेली चाळीस वर्षं या विषयावरचा प्रत्येक वाद फिरून १९८६पाशीच येतो. एक बाजू म्हणते, त्या वेळी माफी दिली म्हणून आणखी लाखो लोक आले, ती चूक पुन्हा नको. दुसरी बाजू म्हणते, २७ लाख संसार मार्गी लागले, मग आता का नको? दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. पण त्या कायद्यात नेमकं काय होतं आणि काय राहून गेलं, हे नीट पाहिलं तर दोष माफीचा कमी आणि ती ज्या चौकटीत बसवली त्या चौकटीचा जास्त होता, असं दिसतं. चौकटीचा सगळ्यात कच्चा भाग होता ती एकदाच ठरवलेली तारीख.

या गोष्टीची मुळं शेतात आहेत. दुसऱ्या महायुद्धात मनुष्यबळ कमी पडल्यावर, १९४२ साली, अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून हंगामी शेतमजूर आणायला सुरुवात केली. ‘ब्रासेरो’ म्हणून ओळखली जाणारी ही योजना १९६४ साली बंद झाली. पाठोपाठ १९६५च्या कायद्याने पश्चिम गोलार्धातल्या देशांतून येणाऱ्यांवर प्रथमच एकूण मर्यादा घातली आणि १९७६ साली त्यातल्या प्रत्येक देशाला वर्षाला २० हजारांचं बंधन आलं. मेक्सिकोलाही तेवढंच. कॅलिफोर्नियातला टोमॅटो, द्राक्षं, लेट्यूस मात्र तसंच पिकत होतं आणि ते तोडायला तीच माणसं येत होती. फरक इतकाच, की कालपर्यंत कराराने येणारा मजूर आता बेकायदा ठरला होता. शिवाय १९५२च्या कायद्यात टेक्सासच्या शेतमालकांनी एक सोय करून घेतली होती. बेकायदा आलेल्याला आसरा देणं गुन्हा, पण त्याला कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे! म्हणजे मजूर गुन्हेगार आणि त्याच्या श्रमावर कमावणारा मालक नामानिराळा. पुढच्या सगळ्या गुंत्याचं बीज मला या एका कलमात दिसतं.

हा गुंता सोडवायला नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते नोट्र डेम विद्यापीठाचे प्रमुख फादर थिओडोर हेसबर्ग. १९८१च्या अहवालात आयोगाने सौदा सुचवला: मालकांना दंड करा म्हणजे पुढचा ओघ आटेल आणि जे आधीच रुजलेत त्यांना सामावून घ्या. वायोमिंगचे रिपब्लिकन सिनेटर ॲलन सिम्पसन आणि केंटकीचे डेमोक्रॅट प्रतिनिधी रोमानो मॅझोली यांनी त्यावरून विधेयक तयार केलं. ते १९८२ साली मेलं. १९८४ साली खालच्या सभागृहात २१६ विरुद्ध २११ अशा काठावरच्या मतांनी तरलं आणि दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांची सांगड घालताना पुन्हा मेलं. त्याच ऑक्टोबरात कॅन्सस सिटीतल्या निवडणूक चर्चेत रेगन यांनी वॉल्टर मॉन्डेल यांच्यासमोर उघड सांगितलं, की जे इथे रुजले आहेत त्यांना माफी देण्याची कल्पना आपल्याला मान्य आहे, भले ते पूर्वी कधी बेकायदा आले असोत. आज कुठल्याही रिपब्लिकन उमेदवाराच्या तोंडी हे वाक्य येणं कठीण आहे.

विधेयकाचं भिजत घोंगडं पडण्याचं कारण पक्षभेदापेक्षा हितसंबंधांत होतं. कामगार संघटनांना मालकांवर दंड हवा होता, कारण स्वस्त मजुरांमुळे त्यांच्या सभासदांची मजुरी पडते अशी त्यांची तक्रार होती. हिस्पॅनिक खासदारांना भीती, की दंड टाळण्यासाठी मालक सावळ्या कातडीच्या, स्पॅनिश आडनावाच्या प्रत्येकालाच दारातून परत पाठवतील. बागायतदारांना दंड नको होता आणि मजूर हवे होते. त्यांची बाजू कॅलिफोर्नियाचे सिनेटर पीट विल्सन हिरिरीने मांडत होते. शेवटी चार्ल्स शूमर, लिऑन पॅनेटा आणि हॉवर्ड बर्मन या तीन डेमोक्रॅट प्रतिनिधींनी शेतमजुरांसाठी स्वतंत्र, सैल अटींची माफी असा तोडगा काढला. उघड्या शेतात धाड घालायची तर इमिग्रेशन खात्याने आधी वॉरंट आणावं, हेही बागायतदारांनी पदरात पाडून घेतलं. ऑक्टोबर १९८६मध्ये खालच्या सभागृहात २३८ विरुद्ध १७३ आणि सिनेटमध्ये ६३ विरुद्ध २४ मतांनी कायदा झाला.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंनी हात झटकले: ओळखपत्र. मालकाला दंड करायचा तर समोरचा माणूस कायदेशीर आहे की नाही हे त्याला कळायला हवं, आणि अमेरिकेत आजही सर्वांसाठी एकच असं राष्ट्रीय ओळखपत्र नाही. १९८१ साली रेगन यांच्या मंत्रिमंडळात असं कार्ड काढण्याचा विषय निघाला होता. तेव्हा त्यांचे सल्लागार मार्टिन अँडरसन यांनी, मग सरळ प्रत्येकाच्या हातावर क्रमांकच गोंदवू या, असं म्हणून त्याला विरोध केला. नाझी छावण्यांची आठवण करून देणारं ते बोलणं होतं आणि विषय तिथेच संपला. सरकारकडे नागरिकाची पक्की नोंद असणं म्हणजे स्वातंत्र्याला धोका, ही भीती अमेरिकेत उजव्यांनाही आहे आणि डाव्यांनाही. आधारची सवय झालेल्या आपल्याला ती समजायला वेळ लागतो, पण ती खरी आहे आणि सौद्याचा अर्धा भाग तिच्यामुळेच कोसळला.

तो कोसळला तो असा. मालकाने नव्या कामगाराकडून ‘आय-९’ नावाचा फॉर्म भरून घ्यायचा, कागद पाहायचे, आणि ते वरकरणी खरे वाटले की त्याची जबाबदारी संपली. जाणूनबुजून बेकायदा माणूस ठेवला तर पहिल्या खेपेला माणशी २५० ते २००० डॉलर दंड. ‘जाणूनबुजून’ हे सिद्ध करायचं कसं, हा प्रश्नच होता. लॉस एंजेलिसच्या मॅकआर्थर पार्कजवळ अल्वाराडो रस्त्यावर खोट्या ग्रीन कार्डांचा बाजार फोफावला. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कानाशी ‘मिकास, मिकास’ असं पुटपुटत दलाल उभे असत, कारण लॅमिनेट केलेल्या या कार्डांना तिथे ‘मिका’ म्हणतात. फोटो द्यायचा, थोडे पैसे मोजायचे, काही तासांत कार्ड आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक हाती. मालकाला कागद मिळे, मजुराला काम मिळे, खात्याला फाइल मिळे. अनेक मालकांनी तर थेट भरती बंद करून मजूर पुरवणारे ठेकेदार मधे घातले. हिस्पॅनिक खासदारांची भीतीही खरी ठरली: दंडाच्या धास्तीने नोकरीत व्यापक भेदभाव होऊ लागल्याचं संसदेच्याच हिशेबतपासनीस कार्यालयाने १९९० साली नोंदवलं.

शेतमजुरांच्या योजनेची कथा याहून वाईट. १ मे १९८५ ते १ मे १९८६ या वर्षात नाशवंत पिकांच्या शेतात निदान ९० दिवस काम केलं असेल तर ग्रीन कार्डाची वाट मोकळी, पाच वर्षं राहिल्याचा पुरावा नको. अर्जदाराने बऱ्यापैकी पटेल असं काही दाखवलं, की ते खोटं पाडण्याची जबाबदारी सरकारची. शेतमजूर रोखीने, ठेकेदारामार्फत काम करतो, त्याच्याकडे कागद नसणारच, हा त्यामागचा विचार रास्त होता. पण सरकारच्या अपेक्षेच्या कितीतरी पट, म्हणजे १३ लाखांच्या आसपास अर्ज आले. शिडी लावून स्ट्रॉबेरी तोडल्याचं सांगणारे अर्जदारही खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर येऊन गेले. महाबळेश्वरच्या वाटेवर स्ट्रॉबेरीचा वाफा पाहिलेल्या कोणालाही कळेल, की ते फळ जमिनीलगत लागतं, वाकून तोडावं लागतं. १९९३च्या वर्ल्ड ट्रेड सेंटर बॉम्बस्फोटात शिक्षा झालेला महमूद अबूहलिमा न्यूयॉर्कात टॅक्सी चालवत असे. तोही याच योजनेतून, शेतमजूर म्हणून, कायदेशीर झालेला होता. माफीचे विरोधक हे उदाहरण विसरत नाहीत आणि त्यांनी ते विसरावंही का? तरीही याच योजनेने खऱ्याखुऱ्या लाखो शेतमजुरांना पहिल्यांदा निर्धास्त झोप दिली. मेक्सिकोच्या मिचोआकान, हालिस्कोच्या खेड्यांत त्यांना ‘रोदिनो’ म्हणू लागले, कायदा रेटणारे न्यायसमितीचे अध्यक्ष पीटर रोडिनो यांच्या नावावरून.

सर्वसाधारण योजनेत खरा काच होता तो तारखेचा. नवरा १९८१ साली आला आणि बायको १९८३ साली, तर नवरा पात्र, बायको अपात्र. एका छताखाली एकाला ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याला हद्दपारीची भीती. १९८७ साली खात्याने मुलांना आणि १९९० साली बायका-नवऱ्यांनाही प्रशासकीय आदेशाने तात्पुरतं अभय दिलं आणि मग त्याला कायद्याचं रूप आलं. व्हिसावर येऊन मुदतीनंतर राहिलेल्यांची कोंडी निराळी. आपण बेकायदा आहोत हे १९८२च्या आधी सरकारला ‘माहीत होतं’, असं त्यांनी दाखवायचं! चोरवाटेने सीमा ओलांडून आलेल्याला ही अट नाही. विमानाने, रीतसर शिक्का मारून आलेल्याला ती आहे. त्या काळात भारतातून जाऊन बिनकागदाचे झालेले बहुतेक लोक या दुसऱ्या गटातले होते. मधे आईच्या मयताला घरी जाऊन आलेल्यांचे अर्जही सलग वास्तव्य मोडलं म्हणून खात्याने नाकारले. त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यातला प्रमुख खटला तडजोडीने मिटायला २००४ साल उजाडलं.

मुंबईत झोपड्या अधिकृत करण्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. आधी १ जानेवारी १९९५, मग २०००, मग सशुल्क घरासाठी २०११. प्रत्येक वेळी तीच रेशनकार्डाची आणि मतदारयादीची शोधाशोध, तोच दलालांचा सुळसुळाट आणि ‘ही तारीख शेवटची’ असं तेच आश्वासन. तारीख ठरते, पण ज्या कारणाने लोक येतात ते कारण काही त्या तारखेला थांबत नाही.

अमेरिकेत ते थांबलं नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार १९९० साली तिथे बिनकागदाचे लोक ३५ लाख होते. २००७ साली १ कोटी २२ लाख आणि २०२३ साली १ कोटी ४० लाख. माफीनेच ही गर्दी वाढवली का? पिया ओरेनियस आणि मॅडलिन झवोडनी या अर्थशास्त्रज्ञांनी सीमेवर पकडल्या गेलेल्यांचे आकडे तपासले. कायदा झाल्या झाल्या ते घटले आणि मग पूर्वीच्या पातळीवर आले. माफीने दीर्घकाळ लोंढा वाढवला असं त्यांना आढळलं नाही, तिने तो रोखलाही नाही. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांचं निरीक्षण याहून विचार करायला लावणारं आहे. पूर्वी बरेच मेक्सिकन पुरुष हंगामाला येत आणि पैसे गाठीला बांधून परत जात. १९९३ साली एल पासोत आणि १९९४ साली सॅन डिएगोत सीमा आवळली गेली, वाटाड्या ‘कोयोटे’ची बिदागी वाढली, वाळवंटातून येताना माणसं मरू लागली. एकदा जीव धोक्यात घालून आलेला माणूस मग परत जाईना, त्याने बायकामुलांनाच बोलावून घेतलं. पहारा वाढला तशी ये-जा थांबली आणि वस्ती पक्की झाली. १९८६च्या कायद्यात राहून गेलेली गोष्ट हीच, की उद्या लागणाऱ्या मजुराला रीतसर येण्याची वाट कुठेच ठेवली नव्हती.

आणि त्या २७ लाखांचं काय झालं? कागद मिळाल्यावर त्यांची मजुरी वाढली. शेरी कोसौजी आणि डेबोरा कॉब-क्लार्क यांच्या अभ्यासात ही वाढ सुमारे ६ टक्के निघाली. मालकाशी भांडता येऊ लागलं, दुसरी नोकरी शोधता येऊ लागली, रात्रशाळेत नाव घालता येऊ लागलं. स्कॉट बेकर यांच्या २०१५च्या संशोधनात, जिथे जास्त लोक कायदेशीर झाले तिथे गुन्हे ३ ते ५ टक्क्यांनी कमी झालेले आढळले, मुख्यतः चोरी-घरफोडीचे. काम मिळालं की चोरी कमी होते, इतकं साधं ते आहे.

राजकारणावरचा परिणाम मात्र कोणी कल्पिला नव्हता. १९९४ साली कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन १८७’ मतदानाला आलं. बिनकागदाच्या लोकांना सरकारी शाळा आणि तातडीची सोडून बाकी सरकारी वैद्यकीय सेवा बंद करा, असा तो प्रस्ताव. त्याच्या मसुद्यावर काम करणाऱ्यांत हॅरोल्ड एझेल होते. माफीच्या काळात पश्चिम विभागाचे इमिग्रेशन आयुक्त म्हणून लोकांना अर्ज करायला पुढे आणणारे तेच. प्रस्तावाचे सर्वांत मोठे पाठीराखे होते राज्यपाल पीट विल्सन, बागायतदारांसाठी मेक्सिकन मजूर मागणारे कालचे सिनेटर. सुमारे ५९ टक्के मतांनी तो मंजूर झाला आणि न्यायालयात अडकून पडला. पण रोदिनोंनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी धडा घेतला. १९९६ या एका वर्षात अमेरिकेत १० लाखांहून जास्त लोकांनी नागरिकत्व घेतलं, त्यांत माफीतून आलेले मोठ्या संख्येने होते. कॅलिफोर्निया हळूहळू रिपब्लिकन पक्षाच्या हातून गेला. माफी दिली की आपली मतं जातात, हे त्या पक्षाच्या मनात तेव्हापासून घर करून बसलं. कामगार संघटना उलट दिशेने गेल्या. ज्या एएफएल-सीआयओने १९८६ साली दंडाचा आग्रह धरला होता, तिनेच फेब्रुवारी २००० मध्ये दंड रद्द करा आणि माफी द्या अशी भूमिका घेतली. हॉटेलांत, बांधकामावर, सफाईच्या कामावर तिचे नवे सभासद आता याच लोकांतून येत होते.

माफीविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. जे रांगेत उभे राहिले ते अजून उभेच, आणि जे रांग मोडून आले त्यांना बक्षीस? हा प्रश्न आपल्या माणसांच्या फार जवळचा आहे. एडिसनमध्ये, डॅलसमध्ये, बे एरियात पुण्या-मुंबईहून एच-१बी व्हिसावर गेलेली हजारो मराठी कुटुंबं ग्रीन कार्डाची वाट पाहत आहेत. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ढोबळमानाने ७ टक्के. भारतीयांची रांग १० लाखांच्या पुढे गेली आहे. लहानपणी नेलेली मुलं २१ वर्षांची झाली, की आईवडिलांच्या अर्जातून त्यांचं नाव गळतं. ओबामांनी जून २०१२मध्ये जाहीर केलेल्या ‘डाका’ योजनेने लहानपणी आणलेल्या बिनकागदाच्या मुलांना अभय आणि कामाचा परवाना दिला, आठ लाखांहून जास्त मुलांनी तिचा लाभ घेतला. पण तिची अट होती, की १५ जून २०१२ रोजी तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसावा. एच-१बीवाल्याच्या मुलाकडे तो होता, म्हणून तो बाहेर. या घरांतला राग मला समजतो आणि त्याला मत्सर म्हणून झटकणं अन्यायाचं आहे.

फक्त त्या रागाचा रोख चुकतो. कोलोरॅडोत छपरं घालणाऱ्या होंडुरासच्या माणसाने पुण्याच्या इंजिनिअरची जागा घेतलेली नसते. त्याच्यासाठी रांगच नाही: अकुशल कामगारांना वर्षाला जास्तीत जास्त १० हजार ग्रीन कार्डं, साऱ्या जगासाठी मिळून. शिवाय १९९६च्या कायद्याने वर्षभराहून जास्त बेकायदा राहिलेल्याला देश सोडताच १० वर्षांची बंदी घातली. ‘परत जा आणि नीट रांगेतून ये’ हा सल्ला त्यामुळे फोल ठरतो. आणि दोन्ही गटांची गाठ एकाच विधेयकात सोडवण्याचा प्रयत्न एकदा झालाही होता. जून २०१३मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात बिनकागदाच्या लोकांना १३ वर्षांची नागरिकत्वाची वाट होती, सीमेवर जवळपास २० हजार जादा पहारेकरी होते आणि नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादाही काढून टाकलेली होती. खालच्या सभागृहाचे सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानालाच घेतलं नाही. वर्षभरात, जून २०१४मध्ये, रिपब्लिकन नेते एरिक कँटर स्वतःच्या पक्षातल्या एका अनोळखी प्राध्यापकाकडून हरले, आणि स्थलांतराचा मुद्दा त्या प्रचारात तापलेला होता. त्याआधी २००७ साली जॉर्ज बुश यांच्या पाठिंब्याचं विधेयकही सिनेटमध्येच पडलं होतं.

स्पेनने २००५ साली हेच काम निराळ्या रीतीने केलं. ७ फेब्रुवारी ते ७ मे या तीन महिन्यांत जवळपास सात लाख अर्ज आले आणि साधारण पावणेसहा लाख मंजूर झाले. तिथे अर्ज बहुतांशी मालकाने करायचा होता, किमान सहा महिन्यांच्या कामाचा करार जोडून. परवाना लागू व्हायचा तो कामगाराचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरायला लागल्यावरच. वास्तव्याचा पुरावाही सोपा, कारण स्पेनमध्ये कागद नसलेल्या माणसालाही नगरपालिकेच्या नोंदवहीत नाव घालता येतं. एलियास, मोनरास आणि वास्केस-ग्रेनो यांच्या अभ्यासानुसार कायदेशीर झालेल्या प्रत्येक माणसामागे सरकारला वर्षाला सुमारे ४ हजार युरो जादा महसूल मिळाला आणि त्यामुळे नवा लोंढा आल्याचं दिसलं नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे एक कायमची तरतूद आहे. काही वर्षं देशात काढली, नोकरी हातात आहे, गुन्हा नाही, तर केव्हाही अर्ज करता येतो. ही मुदत बराच काळ तीन वर्षांची होती, २०२५पासून दोन. मोठ्या माफ्यांची गरज तिथेही संपलेली नाही, पण दोन माफ्यांच्या मधल्या काळात अडकलेल्या माणसाला दार निदान किलकिलं असतं.

अमेरिकेकडेही असं दार आहे, बहुतेकांच्या विस्मरणात गेलेलं. १९२९ साली संसदेने ‘रजिस्ट्री’ नावाची तरतूद केली. ३ जून १९२१च्या आधीपासून देशात असलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला, आगमनाची नोंद सापडत नसली तरी कायम रहिवासी करून घ्यायचं. सुरुवातीला तिचा लाभ घेणारे बहुतांश युरोपीय आणि कॅनेडियन होते आणि त्यावर कोणी ओरड केली नाही. ती तारीख पुढे १९२४, १९४०, १९४८ अशी सरकत गेली. १९८६च्या कायद्याने ती १ जानेवारी १९७२वर आणली आणि आजही ती तिथेच आहे. आज त्या तरतुदीखाली अर्ज करायचा, तर अर्धशतकाहून जास्त काळ अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं. टोरांटोचे राजकीय तत्त्वज्ञ जोसेफ कॅरेन्स यांचा युक्तिवाद असा, की माणूस जितकी वर्षं एखाद्या समाजात काढतो, तितका त्याचा तिथे राहण्याचा नैतिक हक्क बळकट होत जातो, तो आला कसा हा मुद्दा मागे पडत जातो. बहुतेक गुन्ह्यांना खटल्याची मुदत असते, मग परवान्याशिवाय राहण्यालाच ती का नसावी? मला हा युक्तिवाद पटतो. २०२२ साली प्रतिनिधी झोई लॉफग्रेन आणि सिनेटर ॲलेक्स पडिया यांनी रजिस्ट्रीची तारीख काढून टाकून सात वर्षांची सरकती मुदत ठेवावी, असं विधेयक मांडलं. ते पुढे सरकलं नाही.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी हवाईदलाचं सी-१७ विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या घालून आणलेल्या या लोकांत गुजरात आणि हरियाणाचे ३३-३३, पंजाबचे ३० आणि महाराष्ट्राचे तिघे होते. अमेरिकेत बिनकागदाचे भारतीय किती, यावर अंदाजांत मोठं अंतर आहे: २०२२ सालासाठी प्यू ७ लाख २५ हजार म्हणतं, तर अमेरिकेचं गृहसुरक्षा खातं २ लाख २० हजार. २०२५च्याच जुलैत संसदेने अटक, स्थानबद्धता आणि सीमेवरच्या भिंतीसाठी सुमारे १७० अब्ज डॉलर मंजूर केले. आणि त्याच महिन्यात फ्लॉरिडाच्या रिपब्लिकन मारिया एल्व्हिरा सालाझार आणि टेक्सासच्या डेमोक्रॅट व्हेरोनिका एस्कोबार यांनी मिळून ‘डिग्निटी ॲक्ट’ मांडला. गुन्हा नावावर नसलेल्या माणसाने सात वर्षांत ७ हजार डॉलर भरायचे, काम करायचं, कर द्यायचा आणि त्या बदल्यात राहण्याचा परवाना मिळवायचा, नागरिकत्व मात्र नाही. पात्रतेची अट: २०२१ उजाडण्याआधीपासून अमेरिकेत वास्तव्य. मेक्सिकोच्या सीमेवर विक्रमी संख्येने लोक आले ते २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत. ते सगळे या नव्या तारखेच्याही पलीकडे राहतात.